वेगळी चूल

डोंगर बंद झाला म्हणजे त्याला काही कुणी कुलूप घातलं नव्हतं. चढाच्या तोंडाशी काटेरी तार ओढली, तारेला पाटी टांगली आणि पाटीखाली एक राखणदार बसवला, की झाला बंद. झरे आटले होते, पावसाचं पाणी डोंगराची माती घेऊन थेट विहिरीत उतरत होतं, पोरांची पोटं बिघडत होती. तेव्हा काही वर्षं डोंगराला कुऱ्हाड लावायची नाही, असं सरकारनं आणि गावानं मिळून ठरवलं. ठरवलं ते शहाणपणाचंच. सभेत थोरलीनंही हात वर केला होता. त्याच ठरावात असंही होतं की घरोघरी निम्म्या जळणात शिजवणाऱ्या, बिनधुराच्या चुली द्यायच्या, म्हणजे डोंगरही वाचेल आणि बायकांच्या छात्याही. पण योजनेचा उजवा पाय पुढे पडला आणि डावा चिखलात रुतून बसला. तार आली, चुली आल्या नाहीत. मधल्या काळात काय जाळायचं ते बायकांनी आपलं आपण बघायचं होतं.

बायकांनी बघितलं. मक्याची ताटं, कुंपणाचे ओले काटे, अर्धवट वाळलेल्या गोवऱ्या, खोक्यांचे पुठ्ठे, कुणाची तुटकी चप्पल; हाताला लागेल ते चुलीत गेलं. डोंगराचं वाळलेलं लाकूड निखारा धरायचं, ही जळणं नुसती धुमसायची. सकाळच्या वेळी गल्लीत शिरलं की समोरचं माणूस तोंडावरून ओळखू यायचं नाही, खोकल्यावरून ओळखावं लागायचं.

थोरलीचा खोकला सगळ्या गल्लीला पाठ होता. आधी कोरडा, मग शिटी वाजावी तसा श्वास, मग बराच वेळ काहीच नाही, आणि ऐकणारा धास्तावला की पुन्हा सुरू. पोरांनी तिचं नाव फुंकणी ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं. "मेल्यांनो, तुमच्या आयांना फुंकायला मीच शिकवलं," असं ती म्हणायची, आणि तेवढं म्हणतानाही तिला मध्ये एकदा थांबावं लागायचं.

घरात माणसं दोनच. थोरली आणि धाकटी, एकमेकींच्या जावा. थोरलीचा नवरा छातीच्याच दुखण्यानं गेला, त्याला बरीच वर्षं झाली. धाकटीचा नवरा, म्हणजे थोरलीचा दीर, बंदरावर कामाला म्हणून गेला तो गेलाच. आधी वर्षातून एकदा यायचा, मग नुसता निरोप यायचा, मग निरोपही येईना. मेला असता तर रडून मोकळं होता आलं असतं. हा जिवंत होता, तिकडे दुसरा संसार थाटून होता, असं येणारे-जाणारे सांगत. घरात त्याचं नाव कुणी काढत नसे. मूलबाळ दोघींनाही नव्हतं. दोन बायका, एक गाय, एक चूल, एवढाच संसार.

कामाची वाटणी न बोलता झाली होती. बाहेरचं धाकटीचं, आतलं थोरलीचं. धाकटी गाय बघायची, गवत आणि जळण आणायची, दुसऱ्यांच्या मळ्यात खुरपायला जायची. थोरली चूल सांभाळायची. ती चूल तिनं स्वतःच्या हातानं घातली होती, आपल्या बसण्याच्या उंचीची, भांडं आपल्या हाताच्या टप्प्यात येईल अशी. सारवून सारवून तिचा काठ गुळगुळीत झाला होता. दुसऱ्या कुणी तिच्यावर भांडं ठेवलेलं थोरलीला खपायचं नाही. आता कुणी म्हणेल, काय एवढं त्या चुलीचं कौतुक? पण माणसाला आपलं म्हणायला काहीतरी लागतं. नवरा नाही, मूल नाही, मळा नाही. चूल होती.

शाळेच्या ओट्यावर नर्सबाईंनी छाती तपासायला बायका बोलावल्या, तेव्हा थोरली जायला तयार नव्हती. धाकटीनं तिला जवळजवळ ओढतच नेलं. नर्सबाईंकडे हातभर लांबीची एक नळी होती, तिच्यावर आकडे आणि एक तांबडा काटा. मोठा श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात फुंकायचं, मग काटा पुढे सरकायचा.

"फुंकायचंच ना?" शेजारीण म्हणाली. हिला गल्ली रेडिओ म्हणायची, कारण हिला बंद करायचं बटण देवानं दिलं नव्हतं. "मग आमच्या फुंकणीला पुढे घ्या. नळी फोडून टाकील."

सगळ्या हसल्या. थोरलीही हसली. पदर खोचून ती पुढे झाली, तोंडाला नळी लावली आणि जन्मभर चूल पेटवली तशी गाल फुगवून फुंकली. काटा जरासा हलला आणि तिथेच बसला.

"पुन्हा," नर्सबाई म्हणाल्या.

पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी फुंकण्याऐवजी खोकलाच आला आणि नळी हातातून निसटली. तिच्याहून चार पावसाळे जास्त पाहिलेल्या रेडिओचा काटा मघाशी निम्म्यापर्यंत गेला होता. ओट्यावरचं हसू थांबलं. हसण्यापेक्षा ते थांबणंच थोरलीला जास्त लागलं.

"विडी-तंबाखू?" नर्सबाईंनी विचारलं.

"शिवले नाही कधी."

"मग चूल."

"चुलीनं काय केलं माझं? चुलीनं जगवलं."

"जगवलं खरं, पण फुकट नाही जगवलं. मावशी, तुमच्या छातीत धूर बसलाय. गेलं ते परत यायचं नाही. राहिलंय ते राखायचं. चुलीपासून लांब राहा."

"लांब म्हणजे किती?"

"म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी रांधू द्या."

"मी रांधीन," मागे उभी असलेली धाकटी पटकन म्हणाली.

पटकन म्हणाली, इथेच चुकलं. काही गोष्टी माणसानं जरा अडखळत म्हणाव्यात. थोरलीनं घरी येईपर्यंत वळून पाहिलं नाही, आणि आल्या आल्या चुलीपुढे अशी ऐसपैस बसली की दुसऱ्या माणसाला तिथे गुडघा टेकायलाही जागा राहू नये.

"सरका ना, अक्का," धाकटी म्हणाली.

"अजून मेले नाही मी."

धाकटीनं हात झटकले आणि ती गायीकडे गेली.

चूलवाली बाई आली ती त्यानंतर. तिचं नाव वेगळं असणार, पण योजनेच्या चुली घेऊन हिंडणारी म्हणून गावानं तिला हेच नाव दिलं. रुतलेला पाय एकदाचा चिखलातून निघाला होता. थोरली तेव्हा अंगणापलीकडच्या गोठ्यात गोवऱ्या घमेल्यात भरत होती. भिंतीपलीकडे त्या बाईचं आणि धाकटीचं बोलणं चाललं होतं.

"घरात चुली किती?" बाईनं विचारलं.

"एकच. माणसं दोन, मी आणि माझ्या जाऊबाई. पण बाई, मला वेगळी चूल पाहिजे. लवकरात लवकर."

"एवढी घाई?"

"घाई नको करू तर काय? अक्कांबरोबर या असल्या चुलीवर आता निभायचं नाही. रोज माझ्या डोळ्यांदेखत..."

नेमका त्याच वेळी गायीनं दाव्याला हिसका दिला, घमेलं उलथलं, आणि पुढचं थोरलीला ऐकू गेलं नाही. पुढचं असं होतं, की रोज माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा श्वास कोंडतो आणि मी नुसती बघत बसते. ते राहिलं गायीच्या पायांत. आणि मागे जे उरलं त्यातल्या एका शब्दाला दोन तोंडं होती. धाकटी वेगळी म्हणाली ती निराळ्या तऱ्हेची, नळ्याची, धूर बाहेर नेणारी. थोरलीनं वेगळी ऐकली ती भाऊ भावाशी बिनसल्यावर मांडतो तशी. आता तुम्हीच सांगा, 'मला वेगळी चूल पाहिजे' असं कुणी बाई म्हणाली, तर ऐकणाऱ्याच्या मनात दुसरं काय येणार?

थोरली गोवऱ्यांजवळ तशीच बसून राहिली. धाकटीला जाऊन विचारलं असतं तर दोन वाक्यांत मिटलं असतं. पण विचारायचं म्हणजे 'मला घालवतेस का' असं विचारायचं. आणि ती 'हो' म्हणाली तर? या वयात तेवढा एक शब्द ऐकायची तिची तयारी नव्हती. त्यापेक्षा आपणच उठून गेलेलं बरं, असं तिनं ठरवलं. कुणी हाकलण्याआधी निघालं तर निदान ताठ मानेनं निघता येतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी खुरपायला गेल्यावर तिनं आपलं ताट, एक पातेलं, फुंकणी आणि अंथरूण-पांघरूण उचललं आणि गोठ्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. अंगण ओलांडायला एरवी किती वेळ लागतो? तिला दोन खेपांत घाम फुटला. मग तीन दगड मांडले आणि काटक्या पेटवल्या. गोठ्याचं छप्पर हाताला लागेल इतकं खाली, त्यामुळे धुराला जायला वाट नव्हती. गायीनं तोंड फिरवलं. घरातल्या चुलीनं छाती जाळली होती, ही तर आगीतून फुफाट्यात उडी होती. पण ते तिला कोण सांगणार?

धाकटी डोक्यावर गवताचा भारा घेऊन आली आणि भाऱ्यासकट दारातच थांबली.

"अक्का, हे काय?"

"दिसत नाही?"

"कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"बोलायचं ते बोलून झालंय."

धाकटीला वाटलं, नर्सबाईंचं बोलणं जिव्हारी लागलं. नाहीतर आपलं 'मी रांधीन'. तिनं भारा खाली टाकला. मानेवर गवताच्या काड्या चिकटल्या होत्या, त्याही तिनं काढल्या नाहीत.

"घरात चला. इथे मराल."

"घर तुझं आहे. मी माझ्या जागी बरी."

घर तुझं, हे थोरली रागानं म्हणाली. पण नवऱ्यानं टाकलेल्या बाईला ते कसं लागलं असेल, हे तिच्या ध्यानात आलं नाही. ज्याचं घर तो गेला होता, आणि त्याच्या मागे धाकटी या घरात राहिली होती ती एका थोरलीच्या भरवशावर. धाकटीनं ओठ आवळले, गायीपुढे गवत टाकलं आणि ती निघून गेली. दोघीही तोंडात मूग धरून बसणाऱ्या, त्यामुळे कमी-जास्त कोण ते ठरलं नाही.

मग दिवस तसेच चालले. सकाळी धाकटी गोठ्यात धार काढायला यायची तेव्हा थोरली भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. धाकटी पेल्यात दूध ठेवून जायची, थोरली ते गल्लीतल्या मांजराला घालायची. धाकटीनं कुठूनशी सुकी लाकडं मिळवून गोठ्याच्या दाराशी रचली, थोरलीनं ती एकेक करून पुन्हा घराच्या पायरीवर नेऊन टाकली आणि स्वतः ओली ताटं जाळली. जिद्द पुष्कळ होती, श्वास तेवढा नव्हता. विहिरीवर ती स्वतः जायची, अर्धीच कळशी भरायची, आणि तेवढी आणतानाही वाटेत कुणाच्या तरी पायरीवर बसायची. बसली की दारं किलकिली व्हायची. कुणी "आणून देऊ का?" विचारलं की म्हणायची, "ऊन खायला बसलेय."

रेडिओ बातमी घ्यायला आलीच.

"वेगळी चूल मांडलीस म्हणे? या वयात?" ती धुरात डोळे बारीक करत म्हणाली. "अगं, घरोघरी मातीच्या चुली असतात. तुमच्यात माणसं दोन आणि चुलीही दोन!"

"तुझ्या पोटात का दुखतंय?"

"दुखत नाही ग. माझ्याकडे तर ती नवी बसवली परवा. डोळ्यांत एक थेंब येत नाही. सुनेशी भांडण झालं तरी रडता येईना." आपल्याच विनोदावर हसत ती गेली.

एकटेपण थोरलीला नवं नव्हतं. नवरा गेला तेव्हा तिनं ते चाखलं होतं. पण तेव्हा चुलीपलीकडे कुणीतरी बसलेलं असायचं. बोलणं व्हायचं असं नाही. मीठ दे, ताट सरकव, उद्या खुरपायला कुठे, एवढंच. तेवढं बोलणं गेल्यावर दिवस किती मोठा असतो ते तिला गोठ्यात कळलं. एकदा ती गायीला म्हणाली, "मीठ कमी पडलंय का ग?" आणि मग स्वतःचीच तिला लाज वाटली. पदरात तोंड खुपसून ती बराच वेळ बसली.

एके सकाळी गवंडी आला. धाकटी गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही.

"अक्का, जुनी मोडल्याशिवाय नवी बसवत नाहीत. तसा नियम आहे त्यांचा. नाहीतर बायका दोन्ही पेटवतात म्हणे. तुम्ही सांगा, काय करू?"

"मला कशाला विचारतेस? तुझी चूल, तू मोड."

"तुमच्या हातची आहे."

"होती."

धाकटी उभी राहिली. आणखी एक शब्द आला असता तर ती आत आली असती. तो आला नाही. ती वळली. गवंड्यानं पहार उचललेली थोरलीनं दारातून पाहिली, आणि धाकटीनं ती त्याच्या हातून काढून घेतलेलीही पाहिली. परक्या माणसाला तिनं चुलीला हात लावू दिला नाही. पण ते कौतुक थोरलीपर्यंत पोचलं नाही. तिच्यापर्यंत पोचले ते घाव. वर्षानुवर्षं भाजलेली माती, एका घावात कुठली फुटते? घाव बसायचा, मग धाकटीची धाप, मग पुन्हा घाव. थोरली गायीच्या मानेला मिठी मारून उभी राहिली. आपल्याच बरगड्या कुणी मोडतंय असं तिला वाटलं.

जाताना गवंडी हात धुवायला गोठ्यापाशी थांबला.

"चूल कुणी घातली होती हो? फुटता फुटेना."

"होती एक बाई," थोरली म्हणाली.

नव्या चुलीची माती वाळायला दोन दिवस द्यायचे होते. तोवर धाकटी बाहेर अंगणात विटांवर काहीबाही शिजवून घ्यायची. मग अंगणातल्या विटा हलल्या, म्हणजे नवी पेटायला हवी होती. थोरलीनं सकाळी उठून घराच्या छपराकडे पाहिलं. पाहायचं नाही असं ठरवलेलं असूनही पाहिलं. आजवर या घरात चूल पेटली की कौलांच्या फटींतून धूर झिरपायचा, आणि मग गोठ्यातून, विहिरीवरून, कुठूनही दिसायचं की घरात माणूस उठलं आहे. त्या सकाळी छपरावर काही नव्हतं. संध्याकाळीही नव्हतं.

पेटत नसेल, तिनं मनाशी म्हटलं. बिनधुराची म्हणोत, धुराशिवाय आग कुठली? सरकारी वस्तू, पहिल्या दिवशी कुठली चालणार. बरं झालं.

दुसऱ्या सकाळीही छप्पर कोरडंच. धाकटी धार काढायला आली ती दूध काढून गेली. तिचा चेहरा ओढलेला वाटला. दिराचा निरोप यायचा बंद झाला तेव्हा धाकटीनं असंच केलं होतं. चूल पेटलेली, भात शिजलेला, आणि ही म्हणायची भूक नाही. शेवटी थोरलीनं तिचं तोंड धरून घास कोंबले होते, शिव्या देत देत. आता कोंबणारं कुणी नव्हतं. उपाशी राहिली असेल, थोरलीला वाटलं. मी घर सोडलं, हिनं अन्न सोडलं. वेगळी चूल मागितली खरी, पण एकटीसाठी पेटवायला हात उठत नसेल.

दुपारपर्यंत तिनं कळ काढली. मग सगळा राग चुलीत घातला आणि तीन दगडांवर पातेलं चढवलं. मूठभर जास्त तांदूळ टाकले. जळण ओलं होतं. फुंकायला वाकली की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, बसून श्वास गोळा करायचा आणि पुन्हा वाकायचं. एका भाताला तिचे नाकी नऊ आले. ताटात भात काढून वर झाकण घातलं आणि ती निघाली. अर्ध्या अंगणात गायीच्या हौदाच्या कडेला टेकली, ताट मांडीवर धरून. छातीतली शिटी थांबल्यावर उठली आणि तिनं खांद्यानं घराचं दार ढकललं.

आत धाकटी रांधत होती.

थोरली दारातच थांबली. आपण चुकून दुसऱ्याच्या घरात आलो असं तिला वाटलं. स्वयंपाकघराला चार भिंती आहेत हे तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं. कोपऱ्यातली फळी दिसत होती, फळीवरच्या डब्यांना झाकणं होती तीही दिसत होती. जिथे तिची चूल होती तिथे कमरेच्या जरा खाली येईल असा एक कट्टा होता. त्याच्या तोंडात तीन-चार बारीक काटक्या तडतडत होत्या, ज्वाळ आतल्या आत ओढली जात होती. मागून एक नळा निघून भिंतीतून शेजारच्या मळ्याच्या बाजूला, गोठ्यातून दिसणार नाही असा गेला होता. भात रटरटत होता. खाली दोन ताटं मांडलेली होती.

"तू... जेवतेस?" थोरली म्हणाली.

"म्हणजे?"

"मला वाटलं, तू उपाशी आहेस. धूर दिसला नाही."

धाकटीनं तिच्या हातातल्या ताटाकडे पाहिलं, घामानं भिजलेल्या कपाळाकडे पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. "अहो अक्का, बिनधुराची आहे ती! धूर दिसेल कसा? त्यासाठी तर बाईच्या मागे लागले होते. म्हटलं, मला वेगळी चूल द्या, अक्कांचा जीव जाईल या धुरात."

"वेगळी," थोरली म्हणाली.

"वेगळीच की. निराळी. बघा ना."

थोरलीनं पाहिलं. मग ती भिंतीला टेकून खाली बसली, ताट हातात तसंच. तिचा चेहरा पाहून धाकटीचं हसू हळूहळू मावळलं. दोन तोंडांचा तो शब्द आता तिलाही दुसऱ्या बाजूनं दिसला.

"म्हणून तुम्ही गोठ्यात..." तिला पुढे बोलवेना. मग एकदम ती रागावली. "मी वेगळी कुणाबरोबर होऊ, अक्का? आहे कोण मला? एक दिवस तरी विचारायचंत!"

"तू तरी कुठे विचारलंस?"

हे खरं होतं. दुसऱ्या ताटावर कोण बसणार होतं हे थोरलीनं विचारलं नाही. ते रोज मांडून ठेवलं जात होतं, हे ताटाशेजारच्या वाटीत वाळलेल्या कालच्या भातावरून कळत होतं. दोघींनी आधी गोठ्यातला भात खाल्ला. त्याला धुराचा वास होता आणि तो बुडाला लागला होता. तो संपल्यावर मग नव्या चुलीवरचा घेतला.

नव्या चुलीशी थोरलीचं लगेच जमलं असं नाही. तिच्यापुढे बसायचं तर ती उंच, उभं राहायचं तर कंबर धरायची. लाकूड बोटभर जाडीचंच लागायचं, नळ्यातली काजळी दर थोड्या दिवसांनी झाडावी लागायची. "नखरे बघा महाराणीचे," असं म्हणत ती अंगणात बसून कोयत्यानं काटक्या बारीक करायची. रांधायची धाकटी. पहिले काही दिवस थोरली दारातून मिठाचा आणि पाण्याचा हिशेब ओरडून सांगायची, मग नुसती बसायला लागली. एका वेळच्या जुन्या जळणात आता दोन वेळचं शिजायचं. तारेपलीकडे डोंगर हिरवा होऊ लागला होता. पाऊस ओसरल्यावरही विहिरीचं पाणी निवळ राहिलं, तेव्हा राखणदाराला लोक पहिल्यांदा चहा द्यायला लागले.

नर्सबाई पुन्हा आल्या. या वेळी रेडिओनं विनोद केला नाही. थोरलीनं नळी तोंडाला लावली. काटा मागच्यापेक्षा दोन बोटं पुढे गेला. फार नाही. "एवढंच?" ती म्हणाली. "एवढं पुष्कळ आहे," नर्सबाई म्हणाल्या. "मला तुम्ही मागे सरकाल असं वाटलं होतं." गल्लीतल्या बाळांचा खोकला कमी झाल्याचं त्या कुणाला तरी सांगत होत्या. सकाळी माणसं आता तोंडावरून ओळखू यायची. थोरली विहिरीपासून घरापर्यंत न बसता येऊ लागली, आणि बसावंसं वाटलंच तर खरोखर ऊन खायला बसायची.

एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. धाकटी मळ्यातून आली, हातपाय धुतले आणि चुलीपुढे वाकली. भात चढवला. काटक्या आत सारल्या. बाहेर गल्लीत बायका बोलत होत्या. थोरलीनं मान वर केली, तर धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज नाही, हुंदका नाही. नुसतं वाहत होतं, आणि ती भात ढवळत होती.

"डोळे पूस ग," थोरली सवयीनं म्हणाली. "धूर लागला."

म्हणाली आणि थांबली. तिनं इकडे तिकडे पाहिलं. फळीवरच्या डब्यांची झाकणं लख्ख दिसत होती. नव्यानं चुना दिलेली भिंत पांढरी होती. मग तिला एकेक संध्याकाळ आठवू लागली. धाकटी बाहेरून यायची, चुलीशी टेकायची आणि तिचे डोळे वाहायला लागायचे. थोरली ओल्या जळणाला शिव्या घालायची, जोरात फुंकायची, म्हणायची, जा ग बाई जरा वाऱ्यावर, तुझे डोळे फार नाजूक. वर्षानुवर्षं म्हणत होती.

"धाकटे," ती हळूच म्हणाली, "इथे धूर नाही ग."

"नाही," धाकटी म्हणाली.

"मग इतकी वर्षं?"

धाकटीनं पळी भांड्यावर आडवी ठेवली. गल्लीतलं बोलणं जवळ आलं होतं, कुणीतरी दारावरून जात होतं. तिनं घाईघाईनं पदरानं तोंड झाकलं.

"रोज नाही, अक्का," पदराआडून ती म्हणाली. "पण तुम्ही फुंकायच्या तेव्हा बरं पडायचं. कुणाला काही सांगावं लागायचं नाही."

थोरलीनं सूप खाली ठेवलं. भिंतीला हात लावून ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिनं दार लोटून कडी घातली. जुन्या चुलीच्या काळात स्वयंपाकाच्या वेळी ते दार कधी लावता आलं नव्हतं. आता लावलं तरी कुणाचा श्वास कोंडणार नव्हता.

"रड," ती म्हणाली, आणि चुलीपाशी येऊन बसली.